मंडळाची शाल

माणसाच्या इच्छाशक्तीपुढे कोणताही आजार टिकत नाही. हे वाक्य मी जयपूरला, गणेशोत्सवाच्या मांडवात, पहिल्या रांगेत बसून ऐकलं. ते माझ्या नवऱ्याला उद्देशून होतं. बोलणारे गृहस्थ तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते आणि साधी सर्दी झाली तरी ऑफिसला रजा टाकत.

आम्ही दोघंच होतो. ह्यांची बँकेत बदली झाली म्हणून सोलापूर सोडून जयपूरच्या मुरलीपुऱ्यात भाड्याने राहायला आलो होतो. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. ह्यांची सिगारेट माझ्यापेक्षा जुनी, त्यामुळे तिच्याबद्दल मी काही बोलत नसे. मग खोकला आला, तो राहिला, एक्सरेत उजव्या फुप्फुसावर लिंबाएवढी सावली दिसली आणि तुकडा काढून तपासल्यावर डॉक्टरांनी कर्करोग सांगितला.

इस्पितळात शेजारच्या खाटेवर चारदीवारीतला, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातला, एक कारागीर होता. रत्नांना पैलू पाडायचा. त्यालाही फुप्फुसाचाच कर्करोग, सावलीही जवळपास तेवढीच. दोघांना सलाईनमधून औषधं एकाच दिवशी सुरू झाली. दोघांचे केस गेले. पण ह्यांची सावली दर फोटोत लहान होत गेली आणि दिवाळीपर्यंत दिसेनाशी होईल असं वाटत होतं, ती गणपतीच्या आधीच झाली. कारागिराची मात्र तसूभर हलली नाही.

मी तरुण डॉक्टरांना विचारलं, "दोघांना एकच रोग ना? मग औषध एकालाच कसं लागू पडलं?"

"बहनजी, नाम एक है, बीमारी एक नहीं," ते म्हणाले. सूक्ष्मदर्शकाखाली ह्यांच्या गाठीतल्या पेशी लहान आणि भराभर वाढणाऱ्या होत्या, आणि औषध अशा पेशींनाच जोरात मारतं. कारागिराच्या पेशी वेगळ्या जातीच्या, सावकाश वाढणाऱ्या. त्यांना औषधाचं फारसं काही वाटत नव्हतं. "पर अभी खुश मत होइए," असंही ते म्हणाले.

हे शेवटचं वाक्य मी मंडळाला कळवलं होतं. पण कर्करोगावर मात केल्याबद्दल ह्यांच्या सत्काराची पत्रिका छापून झाली होती.

तर मांडवात शाल आणि श्रीफळ झालं. ह्यांच्या टकलावर कुंकू लावताना खजिनदारांचा हात घसरला. शाल शुद्ध लोकरीची असल्याचं माइकवरून सांगण्यात आलं. घरी आल्यावर ह्यांनी ती बोटांत चोळून पाहिली.

"लोकर? खजिनदाराला ओळखतो मी. सुतीसुद्धा नसेल."

"सत्कारमूर्तींनी असं बोलू नये."

"सत्कारमूर्ती भुकेले आहेत. तो नारळ फोड."

मी खोबऱ्याची चटणी केली. ह्यांना त्या दिवशी चव लागली. त्याचा आनंद मला मांडवातल्या टाळ्यांपेक्षा जास्त झाला.

थंडी सुरू होता होता खोकला परत आला. फोटोत सावली जुन्याच जागी होती, शिवाय जवळ आणखी एक. तीच औषधं पुन्हा दिली. सावली ढिम्म.

डॉक्टरांनी समजावलं. गाठ एकाच पेशीपासून सुरू होते, पण पेशी दुभंगताना दर वेळी काहीतरी चूक होते, ती पुढच्या पिढीत उतरते, आणि बघता बघता एकाच घराण्याच्या वेगवेगळ्या शाखा होतात. औषधाने मरणाऱ्या मेल्या. न मरणाऱ्या चार-दोन आधीपासूनच आत होत्या. फोटोत न दिसण्याइतक्या थोड्या. आता सगळी गाठ त्यांच्याच वंशाची होती.

मला हे समजायला वेळ लागला नाही. आमच्या मंडळाचीही तोवर दोन मंडळं झाली होती, आणि दोन्हींत मूळ मंडळातलं भांडण सोडून काही शिल्लक नव्हतं.

ह्यांना मी घरी येऊन सगळं सांगितलं. त्यांनी पांघरलेली शाल काढून तिची घडी घातली. मग म्हणाले, "शाल परत करावी लागेल का गं?"

"मागितली तर देऊ."

"कुणाला सांगू नकोस. उगाच अवघडतील."

पण बँकेतून कळायचं ते कळलंच, आणि ते अवघडले. सत्काराच्या आधी संध्याकाळी कुणी ना कुणी डबा घेऊन यायचं. आता येईनात. ज्याच्या विजयाबद्दल भाषणं केली, त्याच्या खाटेशी बसून काय बोलायचं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. राजा पार्कच्या बाजारात अध्यक्षांच्या पत्नी मला पाहून बांगड्यांच्या दुकानात शिरल्या. त्या बांगड्या घालत नसत. घरी मी मोठ्याने वर्तमानपत्र वाचायची. हे ऐकता ऐकता झोपायचे आणि मी पुढे वाचत राहायची, कारण थांबलं की घर फार शांत व्हायचं.

संक्रांतीच्या दिवशी, गच्च्यांवरून पतंग उडवणाऱ्यांचा आरडाओरडा चालू असताना, हे गेले. शोकसभेत अध्यक्षांनी इच्छाशक्तीचं वाक्य पुन्हा म्हटलं. फक्त शेवट बदलला.

नंतर राहिलेली औषधं परत द्यायला मी इस्पितळात गेले, तर बाकावर तो कारागीर. सावली अजून तेवढीच, पण तो पायी चालत आला होता. त्याचा कुणी सत्कार केला नव्हता.

"सेठजी कैसे हैं, भाभीजी?"

मी सांगितलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. आम्ही तसेच बसलो. त्या सगळ्या हिवाळ्यात माझ्याजवळ एवढा वेळ कुणी बसलं नव्हतं. त्याच्या अंगात पातळ स्वेटर होता. उद्या शाल आणून देते, असं मी म्हटलं.

घरी येऊन ती कढत पाण्यात सोड्याने धुतली. आजाऱ्याची होती. दोरीवर वाळल्यावर पाहिली. खजिनदार खरं बोलत होते. ती शुद्ध लोकरीची होती आणि आता आटून टॉवेलाएवढी उरली होती.