वरचं एक

माझ्या मामेसासऱ्यांइतका उतावळा माणूस अख्ख्या नाशकात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो मामांच्याच मोटरसायकलवर मागे जीव मुठीत धरून बसलेला असेल. शहराबाहेर त्यांचा गुलाबाचा मळा आहे आणि सकाळी पंचवटीत ते फुलं विकतात. खुर्चीत टेकलेले मामा मी कधी पाहिलेच नव्हते. चहा उभ्याने, हेल्मेट डोक्यावरच, कप ठेवायच्या आत किल्ली हातात. आमच्या लग्नात मंगलाष्टका लांबल्या, तेव्हा या गृहस्थांनी मधेच आपल्या वाटच्या सगळ्या अक्षता टाकून पंगतीत जागा धरली होती. सावकाशपणा फक्त एका कामात: वीस गुलाबांची जुडी बांधताना. ती बांधून झाली की एकविसावं फूल निवडून वर खोचायचं. ‘वरचं एक’ दिल्याशिवाय गिऱ्हाईक सोडायचं नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा शिरस्ता.

त्यांची मुलगी बी.एस्सी.ला गेली आणि दहावी शिकलेल्या मामांना परीक्षेतल्या क्रेडिटचं वेड लागलं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. श्रेणी कशी काढतात हे मी मुलांना तासभर फळ्यावर समजावतो, मामा दोन वाक्यांत. “चार क्रेडिटचा पेपर म्हंजे मोठी पेटी, दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हंजे छोटी. छोटीत लय भारी माल भरला, तरी मोठीतला नासका झाकंल का?” पोरीचे गुण हाती आले की फुलांच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडायचे, आणि तो दुसऱ्या दशांशापर्यंत बरोबर निघायचा. मला तर त्यांचा हेवाच वाटे.

शेवटच्या सत्रात घोटाळा झाला. एका पेपरात अंतर्गत गुण तीसपैकी अठ्ठावीस, लेखी सत्तरपैकी सत्तावीस. पास व्हायला दोन्हीकडे वेगवेगळे चाळीस टक्के लागतात, म्हणजे लेखीत अठ्ठावीस. पोरगी एका गुणाने नापास, आणि पुण्याचा एम.एस्सी.चा प्रवेश टांगणीला.

मामा हेल्मेटसकट आमच्या स्वयंपाकघरात शिरले. “जावईबापू, अंतर्गतला बारा लागत होते, तिला अठ्ठावीस हायेत. सोळा फुलं जास्तीची! त्यातलं एक इकडं खोचायला काय होतं?”

“मामा, तसं चालत नाही. दोन्ही जुड्या वेगळ्या मोजतात.”

“मग तुमचा बाजारच खोटा हाय,” म्हणून ते चहा न घेताच गेले.

पेपर फेरतपासणीला टाकला. पुढचे तीन आठवडे मामांनी आमचा जीव नकोसा केला. दिवसातून दहा फोन, “साइट उघडली का?” मी वर्गात असलो तर हिला, ही उचलत नसेल तर शेजाऱ्यांना. प्रवेशाला दोन दिवस उरले आणि साइट उघडली. लेखी, अठ्ठावीस.

मामा आमच्या जिन्यात बसले. चक्क बसले. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

पोरगी पुण्याला गेली. मामा अधूनमधून सकाळी आमच्याकडेही जुडी घेऊन येतात, पण हल्ली वर दोन फुलं असतात. परवा मी विचारलं, “हे दुसरं कशाचं?”

“त्या तपासणाऱ्याचं. त्याचं नाव नाय ठाव, गाव नाय ठाव. म्हणून मी सगळ्यांनाच देतो.”

पेपर मीही तपासतो. सत्तावीस गुण झाले की हल्ली लाल पेन खाली ठेवतो आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लागतो.