बेदाण्याच्या काड्या

सांगलीतल्या आमच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी बाहेरून आलेले परीक्षक खुर्ची ओढून यंत्रासमोरच बसले. माझी पीएच.डी. त्या एका प्रयोगावर लटकली होती. द्राक्षाच्या घडांच्या काड्या दळायच्या, त्यात पाणी आणि आम्लाचं काम करणारी उत्प्रेरकाची पूड घालायची, जाड काचेच्या नळीत सगळं बंद करून मायक्रोवेव्हने तापवायचं. बघता बघता फरफ्युरल तयार होतं. औषधांपासून रेझिनपर्यंत कुठंही लागणारं रसायन. निदान तोवर माझ्याकडे तरी होत होतं.

त्या दिवशी तापमान वाढायच्या आधीच दाब चढू लागला. माझे गाइड म्हणाले, "थांब जरा, स्थिरावेल." आकडा काही स्थिरावेना. नळी फुटली तर डिग्री राहिली बाजूला! मी यंत्र बंद केलं.

"दुपारी मला निघायचंय," परीक्षक म्हणाले. "तोवर दाखवता आलं नाही, तर तसं लिहितो." मला त्यांचा असा राग आला की काय सांगू.

काड्यांचं पोतं घेऊन तासगावहून एसटीने आलेली आई बाहेर बाकावर बसली होती. मी विचारलं, "आई, ह्या काड्या कुठल्या?"

"बेदाण्याच्या शेडातल्या. तू वाळवूनच घेतीस न्हवं? म्हनलं, तेवढाच तुजा ताप वाचंल."

एरवी ती ताज्या घडांच्या आणायची. बेदाणा करताना घड आधी पोटॅशच्या, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात; आम्ल लागलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. मी चिमूटभर पुडीवर आम्लाचे थेंब सोडले आणि भसाभसा फेस आला. तोच वायू नळीत कोंडत होता.

"मग धुऊ की," म्हणत आईने पदर खोचला. सिंकपाशी उभ्या राहून आम्ही दोघींनी काड्या पुन्हा पुन्हा चोळल्या. परत थेंब टाकले. फेस आला नाही.

काड्या मिक्सरला फिरवून मी नवी नळी भरली. "तू बाहेर बस. फुटलं-बिटलं तर?"

"मी न्हाई जायाची. काड्या मी आनल्यात. फुटलं तर दोघींवर फुटंल."

परीक्षक हळूच दारापाशी सरकले. आई हलली नाही. आकडा चढला, रेंगाळला, थांबला. गार झाल्यावर नळी उघडली, तेव्हा फरफ्युरलचा कडू बदामासारखा ओळखीचा वास सुटला. परीक्षक लिहू लागले. माझा दंड दुखत होता; आईने तो अजून सोडला नव्हता.