यान्तिनाच्या बादलीतली सालं

यान्तिना होविंगला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. ही बाई चहासुद्धा उभ्यानं पिते, हे मेप्पेल गावातल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही, शिवणकाम करून एकटीच राहते, असं गल्ली म्हणायची. त्यातलं एकटी राहणं खोटं होतं. युद्धात देश जर्मनांच्या ताब्यात गेला होता, आणि गेल्या ऑक्टोबरपासून तिच्या माडीवर, कपड्यांच्या कपाटामागच्या कोनाड्यात, ॲमस्टरडॅमचा ज्यू घड्याळजी एलियास आणि त्याची बायको रोझेट लपलेले होते. ज्यू माणूस सापडला की जर्मन त्याला नेणार आणि घरवालीलाही नेणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

काळजी तिनं सगळी घेतली होती. बटाटे भावाच्या शेतावरून यायचे, जास्तीचं धुणं माडीवरच वाळायचं. पण हाडाची काटकसरी बाई. चांगली सालं चुलीत घालायची, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. सालं बादलीत, बादली दाराबाहेर. बुधवारी आणि शनिवारी सालवाला रूलोफ ती ढकलगाडीत ओतून गुरांसाठी न्यायचा. सगळं गाव असंच करायचं, म्हणून तीही करत राहिली.

मार्चमधल्या एका बुधवारी रूलोफनं बादली उचलली, हातात जरा तोलली आणि म्हणाला, "होविंगबाई, भूक बरीच वाढलीय वाटतं."

समोरचा न्हावी पायरी झाडत होता. तो जर्मनांच्या पक्षातला.

"वय झालं की वाढते," असं काहीतरी ती बोलली आणि दार लावून घेतलं. मूर्ख बाई, सहा महिने तू तीन माणसांची सालं स्वतःच्या हातानं दारात मांडतेस!

त्या दिवसापासून बटाटे सालासकट उकडायला लागले. शनिवारी बादलीत जेमतेम मूठभर सालं. रूलोफनं आत डोकावलं, तिच्याकडे बघितलं, आणि काही न बोलता निघून गेला. त्याचं न बोलणं तिला जास्त झोंबलं. चार दिवस ती नुसती येरझाऱ्या घालत होती. शिवायला घेतलेला कोट दोनदा उसवला. न्हावी खिडकीत दिसला की पडदा ओढून घ्यायची. शेवटी मंगळवारी ती माडीवर गेली.

"उद्या तीनच्या गाडीनं तुम्ही निघा," ती म्हणाली.

"कुठं जायचं, होविंगबाई?" एलियासनं विचारलं.

"ते मला विचारू नका."

रोझेटला खोकला होता, तो तिनं उशीत तोंड खुपसून दाबला. एलियास म्हणाला, "तुम्ही पुष्कळ केलंत." त्यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर यान्तिनाला बरं वाटलं असतं.

बुधवारी सकाळी अकराला रूलोफ आला तो थेट स्वयंपाकघरात, पायातले लाकडी जोडे न काढता. घासलेल्या फरशीवर चिखलाचे ठसे उमटले. कुणाच्या घरात कुणी असं येत नाही. काहीतरी भयंकर झालंय, हे ती त्या जोड्यांवरूनच समजली.

"किती जण आहेत?" त्यानं हळूच विचारलं.

"मी एकटी."

"बाई, वीस वर्षं बादल्या उचलतोय मी. तीन जणं जेवतात इथं. नाताळापासून मला ठाऊक आहे."

तिनं खुर्ची धरली. "कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगणार? गाईला? त्या दिवशी न्हावी ऐकतोय म्हणून ते बोललो. तुम्हीच जास्त खाता, हे त्यानं तुमच्याच तोंडून ऐकलेलं बरं. तर तुम्ही सालंच बंद केलीत. म्हटलं, ही बाई भ्याली, आता काहीतरी करून बसणार."

यान्तिनाची नजर माडीच्या जिन्याकडे गेली.

"मागच्या दाराशी गाडी आहे," तो म्हणाला. "पोत्यांखाली एक पोरगी आहे, चार वर्षांची. आईबापांना काल नेलं. गावभर बादल्या उचलतो, पण विचारावं असं हे एकच घर मला माहीत आहे. चौथ्या माणसाला जागा होईल?"

तेव्हा ती खाली बसली. उभ्या गल्लीनं कधी पाहिली नसेल अशी, फरशीवरच्या त्या चिखलात बसली आणि रडायला लागली, कारण माडीवर ते दोघं कोट घालून तीन वाजण्याची वाट बघत होते.

"होविंगबाई," रूलोफ म्हणाला, "पोरगी थंडीत आहे."

"घेऊन या," ती म्हणाली. "आणि वर जाऊन त्यांना सांगा, कोट काढा म्हणावं. मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"