मारायच्या आधी काय झालं

इंदूबाई नगराळे यांच्या डाव्या मनगटावर दातांची खूण आहे. कुत्रं चावलेलं नाही, चौथीतली पोरगी चावलेली आहे. आमच्याकडे हा किस्सा निघाला की लोक हसतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणून जे झालं ते मीच सांगते. त्याच शाळेत, पलीकडच्या खोलीत, मी पहिली-दुसरी शिकवत होते.

शाळा मारेगाव तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. साल दोन हजार सहाच्या आगेमागे. कापसाने जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं. टीव्हीवाल्यांच्या गाड्या धुरळा उडवत यायच्या, जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जायच्या, आणि मेलेल्यांची पोरं ज्या शाळेत बसली होती तिकडे एकही फिरकायची नाही. घरातली मारामारी पोरं दप्तरासोबत घेऊन यायची. ती एकमेकांची डोकी फोडायची आणि आमचे हेडमास्तर गावंडे सर त्यांना फोडून काढायचे. सरांची छडी म्हणजे पऱ्हाटीची, कपाशीच्या झाडाची वाळकी काडी. मोडली की दुसरी. शेतात पऱ्हाट्यांना काय तोटा? काडी आणायलाही ज्याला मार खायचा त्यालाच पाठवायचे.

इंदूबाई पुसदकडच्या. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. त्या डावखुऱ्या, आणि एवढ्याच गुन्ह्यासाठी त्यांच्या गुरुजींनी पट्टीच्या धारेने डावा हात असा झोडला होता की करंगळी वाकडी राहिली ती राहिलीच. "गुरुजीले वाटलं हात सुधारला," त्या सांगायच्या. "हात कायचा सुधारते? मी मुकी झाली. दोन वर्षं वर्गात तोंड नाही उघडलं."

डी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर आम्ही सगळ्यांनीच दिला होता. कुत्रा, घंटा आणि लाळ. पाठ केलं, पास झालो, विसरलो. या बाईने मात्र त्यातली एकच गोष्ट गाठीला बांधून ठेवली होती, की पोर उगीच काही करत नाही. वर्गात कोणी कोणाला मारलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मारायच्या आधी काय झालं?" गावंडे सर टर उडवायचे. "मॅडम, आधी काय झालं हे पोलीस इचारते. आपन मास्तर आहो."

इंदूबाई काही गरीब गाय नव्हत्या. उलट उत्तर द्यायच्या, भांडायच्या, चहा थंड मिळाला तरी त्यांचं डोकं फिरायचं. पण पोरांवर हात उगारायच्या नाहीत.

त्या साली इंदूबाईंच्या चौथीत वैष्णवी होती. तिची आई फवारणीच्या दिवसांत विषाने गेली, हे अख्ख्या गावाला माहीत होतं आणि शाळेत त्याचा उच्चार नव्हता. आजी, भागीरथाबाई, तिला सांभाळायची. एरवी पोरगी मुकाट. मध्येच मात्र अंगात आल्यासारखी तुटून पडायची. शेजारी बसणाऱ्या अर्पिताच्या कपाळात पाटी घातली, टाके पडले. नर्सबाई जंतांचं औषध पाजायला आल्या, तर त्यांच्या हातातली बाटली हिसकून भिंतीवर फोडली आणि काचांवरून अनवाणी पळाली. व्हरांडाभर रक्ताची पावलं. प्रत्येक वेळी सरांनी तिला बडवलं आणि प्रत्येक वेळी ती रडली नाही. त्याचाच त्यांना जास्त संताप यायचा.

इंदूबाईंनी अंदाज बांधला, पोरगी सुईला भिते. अंदाज साफ चुकला. नर्सबाई पुन्हा आल्या तेव्हा इंदूबाईंनी वैष्णवीला जवळ घेतलं, डाव्या हाताने तिचा हात धरला आणि मायेने म्हणाल्या, "भेऊ नको बेटा, सुई नाही. औषध घे, की सुटली तू."

पोरीने मनगटात दात रुतवले. इंदूबाई ओरडल्या, नर्सबाई ओरडल्या, दात सुटेनात. गावंडे सर धावत आले आणि काडी चालवू लागले, पाठीवर, मानेवर, लागेल तिथे. मी पोचले तेव्हा इंदूबाई पोरीवर पालथ्या पडलेल्या होत्या, तडाखे त्यांच्या पाठीवर पडत होते आणि मनगट अजून पोरीच्या तोंडातच होतं. मी सरांच्या हातातून काडी ओढून घेतली. "सर, माणूस आहात की जनावर?" असं मी सगळ्यांसमोर विचारलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

सरांनी तिथेच जाहीर केलं, उद्या शाळा समितीची बैठक, पोरीचं नाव कमी. निरोप बापाला गेला. तो म्हणाला, बरंच झालं, कापूस वेचाले कामी येईल. आमच्याकडे चौथीतून निघालेली पोरगी पुन्हा शाळेत आलेली मी पाहिलेली नाही.

मी इंदूबाईंच्या हाताला पट्टी बांधत होते. त्या एकदम म्हणाल्या, "पाटी खाल्ली त्या दिवशी अर्पिता काय म्हने? बाबानं खोकल्याचं औषध आनलं. नर्सबाई म्हने, औषध प्या. मी म्हटलं, औषध घे. तिन्ही वेळा एकच शब्द. पोट्टी सुईले नाही भेत."

ताप आला तर आमच्या गावात गोळी आणतात. औषध म्हणजे फवारणीचं. 'त्यानं औषध घेतलं' असं कोणी म्हणालं की लोक अनवाणी धावत सुटतात. विषाला औषध म्हणायची सवय आम्हाला इतकी जडली होती, की तोच शब्द आम्ही शाळेत कसा वापरतो हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बैठक व्हरांड्यात बसली. पोरीचा बाप आणि आजीही आले होते. वैष्णवी खांबाला पाठ न लावता उभी होती, कारण पाठ सुजली होती. सर बोलायच्या आधीच इंदूबाईंनी भागीरथाबाईला विचारलं, "आजी, इची माय गेली त्या दिवशी काय झालं?"

"ते कायले काढता?" बाप खेकसला.

भागीरथाबाईने पदराने नाक पुसलं. "भांडन झालतं बाई. सून म्हने, वैष्णवे, औषध आन. फवारा चालूच होता, पोट्टीले वाटलं पंपात टाकाले मांगते. इनंच आनून देल्लं. इच्याच हातानं गेली माय." रोजचं बोलणं असावं तसं म्हातारी बोलून गेली. आणि ते रोजचंच होतं.

"बाबा म्हने मायले!" वैष्णवी किंचाळली. "रोज म्हने! औषध घे, सुटशीन!"

बापाने झेप घेतली. त्याचा हात वर गेला तो इंदूबाईंनी मध्येच धरला, त्याच मनगटाच्या हाताने. पट्टीतून रक्त आलं. त्याने त्यांना खांबावर ढकललं, डोकं आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, तरी त्यांनी हात सोडला नाही. "मार," त्या म्हणाल्या, "पन मले मार. इले आता कोनीच नाही मारनार." समितीतल्या माणसांनी त्याला ओढत फाटकाबाहेर नेलं.

मग त्या पोरीसमोर जमिनीवर बसल्या. दम लागला होता. "वैष्णवी, तू आनलं ते औषध नव्हतं. जहर होतं जहर. त्याले औषध म्हननारे आमी मोठे. तुले जे नाव शिकवलं तेच तू आनलं."

पोरीने विचारलं, "मंग म्या नाही मारली मायले?"

"नाही."

तेव्हा ती रडली. सगळ्या शाळेने ऐकलं असं रडली. गावंडे सर म्हणाले, ठीक आहे, नाव राहू द्या. सर त्या दिवसापासून बदलले वगैरे म्हणाल तर मुळीच नाही. काडी होती तशीच राहिली. फक्त चौथीच्या खोलीत ती गेली नाही, कारण दारात इंदूबाई उभ्या असायच्या.

वैष्णवी आजीकडेच राहिली. वर्षभर मधल्या सुट्टीत ती इंदूबाईंजवळ येऊन तेच विचारायची, "म्या नाही ना मारली?" आणि इंदूबाई हातातला घास खाली ठेवून, तिच्याकडे बघून, "नाही" म्हणायच्या. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, एकदा सांगितलं ना, रोज रोज काय तेच?

"तूच मारली, हे तिले घरात एकदाच सांगतलं होतं का?" त्या म्हणाल्या. "रोज सांगतलं."