टाचेपासून निघणारा ठोसा

आमच्या वस्तीतल्या तालमीत हल्ली संध्याकाळी मुली बॉक्सिंग शिकतात. काल मी दारात उभी राहून पाहत होते. सर हातात पॅड धरून उभे होते आणि रेश्माला हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारायचा ठोसा, जमत नव्हता. तो जमला तरच रविवारच्या स्पर्धेत तिचं नाव जाणार होतं.

दर वेळी शेवटच्या क्षणी तिची मूठ उघडायची आणि पॅडवर फटकन तळवा बसायचा.

"अगं बाई, ही थोबाडीत झाली!" सर ओरडले. "रेफ्री ताकीद देईल."

"सर, आमच्या घरी एवढंच शिकवलंय," रेश्मा म्हणाली. सगळ्याजणी खो खो हसल्या.

मीही हसले, पण ते वाक्य मनात राहिलं. थप्पड आपल्याकडे नेहमी वरून खाली येते. बापाची पोरीला, मालकाची नोकराला. उलट उत्तर येणार नाही, याची तिला खात्री असते. ठोशाला मात्र समोर बरोबरीचं माणूस लागतं, हात वर करून सज्ज असलेलं.

सर पुन्हा सांगू लागले, "मूठ बंद. कोपर खांद्याएवढं वर. उजवा हात हनुवटीशी. डावा मागे खेचू नकोस. पुढच्या पायाची टाच वळव, कंबर फिरव, हात आपोआप येईल."

रेश्मानं टाच वळवली. धप्प! सरांचा हात पॅडसकट मागे गेला.

"लागलं का हो, सर?" तिनं घाबरून विचारलं.

"लागलं की! देतो तुझं नाव," सर मनगट चोळत म्हणाले. इतक्या आनंदानं मार खाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.