दुसरी पिन

सुधीरचा फोन सकाळी आला, अकोल्याच्या दवाखान्यातून. "मोठी आई, आई गेली." मी भिंतीला टेकून खाली बसले आणि तोंडातून पहिला प्रश्न निघाला तो हा, "तिच्या शालीची पिन कुठं हाय?" त्याला वाटलं असेल, काय बाई आहे ही, धाकटी जाऊ गेली अन् हिला चांदी सुचते! वाटू दे. विमलला जाऊन आता काही आठवडे झाले, तरी त्या प्रश्नाची मला लाज वाटत नाही. ती पिन कुठं आहे यापेक्षा तिची जोडीदारीण कुठं आहे, यावर माझा जीव अडकला होता.

विमल आणि मी रिठदला एकाच चुलीवर दिवस काढले. ती कुणावरही विश्वास टाकणारी, आणि मी दूधवाल्यासमोरसुद्धा माप तपासणारी. काही वर्षांमागे तिच्या बचत गटानं चिया पेरला, आणि तो बघायला थेट बोलिव्हियातून एक शेतकरीण आली. दोन वेण्या, डोक्यावर गोल टोपी, सोबत दुभाषी. मी नेमकी आसेगावला लग्नाला गेलेली, माझं नशीब! परत येऊन बघते तर विमलच्या शालीला वीतभर लांब चांदीची पिन. वरचं टोक चमच्यासारखं चपटं.

"पाहुणीनं देली, बाई. तिकडच्या बाया याच्यानंच शाल अडकवतात. तुपू म्हनतात याले. म्या तिले माहा छल्ला देला."

कमरेचा, किल्ल्यांचा छल्ला! सासूबाईंचा! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. "अन् तिनं अशीच काढून देली?"

"दोन होत्या तिच्यापाशी. म्हने, एक तुले, एक मले."

मला काही हे पटलं नाही. साफ करून आणते म्हणून मी ती पिन वाशीमला रफिकभाईंच्या दुकानात नेली. रफिकभाईंनी ती घासून पाहिली. "चांदी असली है, भाभी. पन हे जोडीतली हाय. हे कडी पाहा, इथून साखळी दुसऱ्या पिनेले जात असन. जोडी कोन तोडते?" तेच तर! तोरड्यांची जोडी कुणी तोडतं का? म्हणजे पाहुणीनं दोन्ही दिल्या होत्या, आणि विमलनं एक लपवली होती. कुणासाठी, तेही मला लगेच कळलं. माझ्या सीमासाठी.

सीमा माझी मुलगी. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, अकोल्याला संसार मांडला. या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही, असं मी तिला सांगितलं होतं, आणि माझं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. पण विमलवर माझी नजर होती. मधूनच ती जऊळक्याला जायची. तिथं तिचं माहेर, पण आईबाप वारलेले, भाऊ पुण्याला. मग ही कुणाला भेटते? अकोल्याची गाडी तिथं थांबते, हे का मला माहीत नव्हतं? जाताना पिशवीत कुरड्या, पापड, लोणचं. येताना पिशवी रिकामी आणि बाईसाहेब गुणगुणत. एकदा निळा स्वेटर विणायला घेतला, एवढासा.

"कोनासाठी?"

"अंगनवाडीतल्या लेकरासाठी, बाई."

अंगणवाडीत काय एकच लेकरू असतं? मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, आणि तिथंच रडले. मी आजी झाले होते. खरं सांगते, विमलवर संशय घेणं मला आवडायचं. माझ्या लेकीची खबर मला तेवढ्या एका वाटेनं मिळायची.

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा ती धापा टाकत म्हणाली, "बाई, काय इचाराचं ते इचारून टाका ना एकदा..."

"मले कायले इचाराचं?" मी म्हटलं. ती हसली. ते हसू मला फार लागलं. दोन दिवसांनी ती गेली... आता नजर कुणावर ठेवू?

विमलच्या जलदानविधीच्या तयारीत सुधीर माझ्याजवळ घुटमळला. "मोठी आई, सगळ्यायले कळवलं. एकजन राह्यलं..."

"सीमेले सांग," मी म्हटलं. "अन् म्हनाव, येतानी दुसरी पिन घेऊन ये."

ती आली. पांढरं लुगडं, कडेवर पोर. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आत येईना. इतक्या वर्षांनी लेक समोर, आणि मला दुसरं काही सुचेना. "पिन आनली?"

"कोनती पिन, आई?"

खोटं बोलून राह्यली, मला वाटलं. "विमलनं तुले देली ते."

"काकूनं मले फोनवर दाखवली फक्त. दुसरी तं त्या पाहुनीनं ठेवली ना."

"मंग तू आली कायले?"

"तू बलावलं म्हनून."

मी दारातून बाजूला झाले. पोर माझ्याकडे टकामका बघत होतं.

जोडी तोडून अर्धी परकीला देणारी बाई असू शकते, हे अजून माझ्या डोक्यात शिरत नाही. पण विमल खरं बोलत होती, एवढं मानावं लागतं. तिकडे डोंगरात ती पाहुणी आजही दुसरी पिन लावून शेतात जात असेल. विमल गेल्याचं तिला कोण सांगणार?

सीमा परत निघाली तेव्हा मी म्हटलं, हे पिन घेऊन जाय. ती म्हणाली, "राहू दे इथंच. येत जाईन मी." खरं बोलली का खोटं, कोण जाणे... भरवसा ठेवायची मला सवय नाही. विमलच्या खोलीत तिची शाल घडी करून ठेवली आहे, पिन तिलाच टोचलेली. आमच्याकडे थंडी अजून सरलेली नाही. सीमा अवचित आलीच, तर तिला पांघरायला काही हवं.