झॅकी पेंडरची पाठ कशी टेकली

झॅकी पेंडर माझा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये फळ्यांचं कुंपण आहे आणि त्यातली एक फळी मी मुद्दाम सैल ठेवलेली आहे; बातमी ताजी मिळते. तेव्हा झॅकीबद्दल मी सांगतो ते ऐकीव नाही, स्वतः डोकावून पाहिलेलं आहे.

तांब्याच्या खाणीत त्याचं आयुष्य गेलं. तरुणपणी तो आमच्या व्हील ग्रेस खाणीचा पहिला मल्ल. कुस्ती मीही खेळायचो, पण माझी पाठ इतक्यांदा धुळीला लागायची की लोक म्हणत, "डिगोरी कुस्तीला नाही आला, मैदान झाडायला आलाय."

अठराशे ब्याण्णव-त्र्याण्णवपासून खाणीतल्या शिड्या कुजत चालल्या होत्या. एक दिवस झॅकीच्या मेव्हण्याच्या, जोरीच्या पायाखालची पायरी मोडली. माणूस वाचला, पण तेव्हापासून काठीशिवाय उंबरा ओलांडत नाही. झॅकी कॅप्टनकडे, म्हणजे खाणीच्या मुकादमाकडे गेला. कॅप्टन म्हणाला, शिड्या चांगल्या आहेत, माणसंच जड झाली आहेत! तेव्हा झॅकीनं ठरवलं, ॲडलेडला, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या विधानसभेत जायचं आणि शिड्या तपासायला सरकारी माणूस आणायचा. शहाण्णवच्या एप्रिलमध्ये निवडणूक होती. मी त्याचा कारभारी झालो. कुणी नेमलं नव्हतं. पण मी राजकारणावर इतकं बोलायचो की नाही म्हणायला कुणाला फटच मिळाली नाही.

"लोकांना शिड्यांचं सांगू," झॅकी म्हणाला.

"शिड्या? अरे बाबा, शिड्या ऐकायला कोण येतं? ईस्टरच्या कुस्त्या तोंडावर आल्यात. अख्खा मतदार मैदानात असणार. तू उतर!"

"पन्नाशी उलटली माझी."

"मग काय झालं? गाव तुझ्या वयाला नाही, नावाला मत देणार आहे."

ईस्टरच्या सोमवारी गुत्त्यामागच्या मैदानात झॅकीनं कुस्तीचा जाड किंतानाचा अंगरखा चढवला आणि शेजारच्या गावचा रेड्यासारखा गडी असा आपटला, की बीअरचे पेले हिंदकळले. "झॅकीकाका! झॅकीकाका!" टोप्या उडाल्या. मी पिंपावर उभं राहून असलं भाषण ठोकलं की मलाच माझा अभिमान वाटला. शिड्यांचा शब्द त्यात नव्हता.

संध्याकाळी सैल फळीतून झॅकीची बायको थर्झा म्हणाली, "डिगोरी, बायका किती होत्या रे तिथे?"

"बायका? गुत्त्यामागे? चॅपलला प्रार्थनेला जाणाऱ्या बायका तिकडून नाक दाबून जातात, थर्झा!"

"हं," ती म्हणाली आणि आत गेली.

मला वाटलं, पटलं तिला. माझ्या संसाराची तीस वर्षं झाली, पण बाईच्या 'हं'चा अर्थ मला अजून लागत नाही.

बायकांना मताचा हक्क मिळाल्याचा कायदा मला ठाऊक नव्हता असं कुणी समजू नये. बायकोचं नाव यादीत घालायला मीच तिला घेऊन गेलो होतो आणि परतताना मोठेपणानं म्हणालो होतो, "आता तूही मतदार हो!" मग घरी आलो, मांस-बटाट्याची पेस्टी खाल्ली आणि विसरून गेलो. सगळ्याच पुरुषांचं तसं झालं. कुस्ती म्हटली की आमच्या लोकांच्या डोक्यात दुसरं काही मावत नाही.

विसरला नव्हता तो समोरचा उमेदवार, कापडवाला ट्रेलोअर. आम्ही धूळ उडवत होतो तेव्हा तो चॅपलच्या चहापानाला केशराचा केक कापत होता आणि एकेकीच्या गुडघ्यांची चौकशी करत होता. गुत्ते लवकर बंद करू, एवढंच त्याचं वचन. शिड्यांबद्दल त्यालाही काही सुचलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी सकाळीच रविवारच्या टोप्या घातलेल्या बायकांची रांग वळणापर्यंत गेली. झॅकीनं माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

ट्रेलोअर निवडून आला. थोडक्यात नाही, चांगलाच आला.

झॅकी स्वयंपाकघरात जाऊन बसला. मी सांत्वनाला गेलो आणि आपला पराभव नसून कटकारस्थान कसं आहे ते समजावू लागलो. थर्झानं मला केटलीच्या दांड्यानं गप्प केलं. म्हणजे केटली हातात धरून नुसतं पाहिलं.

झॅकीनं हळूच विचारलं, "तू... कुणाला दिलंस गं?"

"तुलाच. दुसऱ्या कुणाला देणार?"

"मग?"

"मग काय? माझ्या भावाचा पाय मोडला. या गल्लीत जिचा नवरा, भाऊ, मुलगा त्या शिड्यांवर चढत नाही अशी एक बाई दाखव. रोज पाण्याच्या पंपावर आम्ही दुसरं बोलतो काय? मला एकदा तरी म्हणालास का, थर्झा, त्यांना जरा सांग?"

"तू आपणहून..."

"मला वाटलं, तुझा कारभारी हुशार आहे."

मी पेल्यात काही पडलंय का ते पाहत राहिलो.

"आता सांगशील?" झॅकीनं विचारलं. एवढा नरम आवाज त्याचा मी कधी ऐकला नव्हता.

"सांगेन की. पण निवडणूक आता तीन वर्षांनी." तिनं त्याची पेस्टी फडक्यात बांधून पुढे ठेवली. "सोमवारी खाणीत पाळी आहे ना तुझी? पायऱ्या बघून उतर. आणि पोटमाळ्यावरची जोरीची दोरी कमरेला बांध, हसले कुणी तर हसू देत."

त्या सोमवारी झॅकी खाली उतरला तो कमरेला दोरी बांधूनच. कुणी हसलं नाही. बुधवारी पंपावर थर्झानं बायकांशी मतांचं बोलायला सुरुवात केली; तीन वर्षं थांबायला ती काय पुरुष होती?